चार लाल नोंदी आणि न झालेली चौकशी

फेब्रुवारी २०१७ मध्ये मंगळवेढा तालुक्यातून एक नवरा-बायको माझ्याकडे आले. मी फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. आता सोलापुरात सात रस्त्याजवळ मेव्हण्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं संध्याकाळी बसतो आणि फौजी लोकांचे पेन्शनचे, नावदुरुस्तीचे कागद करून देतो. या माणसाचं गाव, रेजिमेंट, युनिट सांगणार नाही. त्याला नुसतं जवान म्हणू.

बोलली ती बायकोच. तो बाकड्यावर बसून होता, हातात प्लॅस्टिकची पिशवी. "काका, ह्यांना काढलंय म्हणत्यात समदी. पण काढलंय म्हंजे नेमकं काय केलंय, ते कुणीच नीट सांगंना."

प्रश्न अगदी बरोबर होता. गावात 'फौजेतनं काढला' म्हटलं की भगोडा, नाहीतर चोर. आर्मी ॲक्ट १९५० मात्र यात फरक करतो. बडतर्फी वेगळी, डिस्चार्ज, म्हणजे नोकरीतून मोकळं करणं, वेगळा. या जवानाला बडतर्फ केलं नव्हतं. त्याला आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ खाली डिस्चार्ज दिला होता, आणि कारण लिहिलं होतं 'सेवेची यापुढे आवश्यकता नाही'. वाचायला सौम्य वाटतं. घरात त्याचा अर्थ असा, की पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही, माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, म्हणून कॅन्टीन नाही, ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदच होईना, मग मुलांची शिष्यवृत्ती तरी कुठली?

त्यांच्या बारावीतल्या पोरानं मोबाइलवर 'डिस्चार्ज अपग्रेड' असं काहीतरी पाहिलं होतं. त्याचा फॉर्म कुठं मिळतो, असं त्यानं चिठ्ठीवर लिहून पाठवलेलं. तो प्रकार अमेरिकेतला. तिथं डिस्चार्जला दर्जे असतात आणि ते वाढवून देणारी मंडळंही असतात. आपल्याकडे तसं मंडळ नाही. इथं आधी खात्याकडे दाद मागायची, नाही मिळाली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जायचं आणि डिस्चार्जचा आदेशच रद्द करून घ्यायचा. पोराला निरोप धाडला, फॉर्म नाही, पण वाट आहे.

पिशवीत काय होतं

डिस्चार्ज बुक, शो कॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटिशीची पुसट प्रत, बँकेचं पासबुक, सिव्हिल हॉस्पिटलचे वडिलांचे कागद आणि एका तारेची पावती. तारेकडे नंतर येतो.

जवान १२ ऑगस्ट २००१ ला भरती झाला. ३० सप्टेंबर २०१४ ला बाहेर पडला. नोकरी तेरा वर्षं एक महिना एकोणीस दिवस. मधली दोन वर्षं राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरमध्ये, एक टेन्युअर हाय अल्टिट्यूडला, म्हणजे उंच डोंगरावरच्या ठाण्यावर. आणि चार लाल नोंदी.

ज्यांना फौज माहीत नाही त्यांच्यासाठी. छोट्या गुन्ह्याला सीओ साहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, आर्मी ॲक्टच्या कलम ८० खाली स्वतःच शिक्षा देऊ शकतात, जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांची कैद. मार्चअप होतं, म्हणजे जवानाला साहेबांपुढं उभं करतात, दहा मिनिटांत निकाल लागतो आणि कंडक्ट शीटवर, म्हणजे वर्तणुकीच्या कागदावर, नोंद पडते. मोठ्या शिक्षेची नोंद लाल शाईत. चार लाल झाल्या की माणूस घरी जातो, हे प्रत्येक बराकीत पाठ असतं. मलाही पाठ होतं.

याच्या नोंदी अशा. २००५, रजेवरून बारा दिवस उशिरा, चौदा दिवस कैद. २००८, ड्यूटीच्या वेळी दारू प्यायलेला, सात दिवस कैद. २०१०, पुन्हा सतरा दिवसांचा ओव्हरस्टे, चौदा दिवस. २०१३, तेवीस दिवसांचा ओव्हरस्टे, अठ्ठावीस दिवस.

मी त्याला पहिल्यांदा विचारलं ते दारूचं. म्हणाला, "होळी होती साहेब. पिलो होतो." एवढंच. मला ते आवडलं. अशा प्रकरणात माणूस स्वतःला निर्दोष ठरवायला लागला की कागद मागं पडतात आणि रडगाणं पुढं येतं.

२०१३ ची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षीचा दुष्काळ इथल्या कुणाला सांगायला नको. सांगोला, मंगळवेढा, माढा, जिकडंतिकडं चारा छावण्या. घरची चार जनावरं छावणीत, वडील रात्री तिथंच झोपायचे, आणि तिथंच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जवान रजेवर घरी होता. त्यानं वडिलांना सिव्हिलला आणलं आणि रजा वाढवून मिळावी म्हणून युनिटला तार केली. एप्रिल २०१३ मध्ये तार अजून चालू होती. ती बंद झाली त्याच वर्षी १५ जुलैला. युनिटचं म्हणणं, तार मिळाली नाही. मार्चअपला त्यानं पावतीचा विषय काढला नाही. का, तर "कुणी विचारलंच नाही."

कलम ३९ मध्ये शब्द आहेत, 'पुरेसं कारण नसताना' रजेपेक्षा जास्त राहणं. म्हणजे कारण पुरेसं होतं की नव्हतं, यावरच गुन्हा उभा राहतो. ते पाहिलं गेलं नाही. पण सांगून ठेवतो, आम्ही पुढे हा मुद्दा मुख्य केला नाही. चार वर्षं जुनी, भोगून झालेली शिक्षा उकरणं जड जातं. तारेची पावती आम्ही दुसऱ्याच कामाला लावली.

कागदात काय नव्हतं

नियम १३ च्या ज्या कलमाखाली त्याला काढलं, त्यात अधिकार ब्रिगेड किंवा सब एरिया कमांडरचा असतो. नियम एवढंच म्हणतो, की परिस्थिती परवानगी देत असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी. नोटीस दिलेली होती. वरवर पाहिलं तर सगळं जागच्या जागी.

मेख दुसरीकडे आहे. सेना मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं एक पत्र आहे. ते सांगतं, की असा डिस्चार्ज सुचवण्याआधी निःपक्ष प्राथमिक चौकशी झाली पाहिजे. ती कोर्ट ऑफ इन्क्वायरीच, म्हणजे फौजेची रीतसर चौकशीच, हवी असं नाही, पण जवानाला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली पाहिजे. नोटीस त्यानंतर. पुढे त्याच पत्रात स्पष्ट आहे, की चार लाल नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज दिलाच पाहिजे असं बंधन नाही. कमांडिंग ऑफिसरनं प्रत्येक गुन्ह्याचं स्वरूप पाहावं, पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये, त्याची लांब नोकरी, खडतर ठाणी, राहण्याचे हाल हे सगळं विचारात घ्यावं.

म्हणजे बराकीत जे पाठ असतं, त्याच्या नेमकं उलट.

हे पत्र मी नोकरीत असताना हाताळलं होतं का? हो. फाइलला लावलेलं असायचं. नोटिशीचा मसुदा तयार असायचा, आम्ही नाव, नंबर आणि तारखा भरायचो. अशा किती नोटिसा मी स्वतः टाइप केल्या ते आता मोजत नाही. चौकशीचे कागद आहेत का, असं एकाही फाइलला मी विचारलं नाही; क्लार्कनं विचारायचं ते नव्हे, असं तेव्हा वाटायचं.

या पत्राला कायद्याचं बळ किती, यावर बरीच वर्षं वाद चालला. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या प्रकरणात तो मिटवला. न्यायालयानं मान्य केलं, की नियमात चौकशी लिहिलेली नाही. पण मुख्यालयानंच मनमानीला आळा बसावा म्हणून पद्धत घालून दिली असेल तर ती पाळावीच लागेल, नाहीतर डिस्चार्ज टिकणार नाही. चार नोंदी हा फक्त उंबरठा. तो ओलांडला म्हणून माणूस आपोआप बाहेर पडत नाही.

आमचं काम मग सोपं झालं, म्हणजे कागदावर सोपं. चौकशी झाली नव्हती, हे सिद्ध करायचं. न झालेली गोष्ट सिद्ध कशी करणार?

माहिती अधिकारात. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. मी लोकांना नेहमी सांगतो, अर्जात 'माझ्यावर अन्याय का झाला' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. पानं मागा. आम्ही मागितलं: शीट रोल म्हणजे जवानाची सेवानोंद, कंडक्ट शीट, प्राथमिक चौकशीची कार्यवाही आणि त्यातले जबाब, शो कॉज नोटीस, जवानाचं उत्तर, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, ब्रिगेडची मंजुरी. पहिलं उत्तर गुळमुळीत आलं, कागद युनिटकडे आहेत. पहिलं अपील केलं. जूनमध्ये पाकीट आलं. बाकी सगळ्याच्या प्रती होत्या आणि चौकशीपुढं एक ओळ: अभिलेखात उपलब्ध नाही.

त्या एका ओळीवर प्रकरण उभं राहिलं. पण पाकिटात आणखी एक चीज होती.

नोटीस २ जून २०१४ ची. जवानाचं उत्तरही २ जून २०१४ चं, इंग्रजीत टाइप केलेलं, दोन ओळी: मला काही म्हणायचं नाही, निर्णय मान्य आहे. खाली त्याची मराठी सही. नोटिशीत त्याच्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. उत्तरातही तीच चूक, त्याच अक्षराला. माणूस स्वतःच्या गावाचं नाव चुकवील? ज्या हातानं नोटीस टाइप केली त्याच हातानं उत्तर टाइप केलं. हे ओळखायला वकील लागत नाही, जुना क्लार्क लागतो. जवानाला विचारलं तर म्हणाला, "बाबूजींनी सांगितलं इथं सही कर, सोपं जाईल."

आणि कमांडिंग ऑफिसरची शिफारस होती २८ मेची, म्हणजे नोटिशीच्या पाच दिवस आधीची. तीत काश्मीरचा उल्लेख नाही, हाय अल्टिट्यूडचा नाही. पेन्शनला किती दिवस कमी पडतात तेही नाही. चार नोंदींचा तक्ता आणि खाली 'सवयीचा गुन्हेगार'.

हिशेब

इथं लोक फसतात, म्हणून थोडं थांबतो. गैरहजेरीचे आणि कैदेचे दिवस पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत. बावन्न दिवस गैरहजेरी, त्रेसष्ट दिवस कैद, एकूण एकशे पंधरा. ते वजा केले तर पात्र सेवा राहते बारा वर्षं नऊ-दहा महिने. पंधराला सव्वादोन वर्षांच्या आसपास कमी. थोडी सेवा कमी पडली तर ती माफ करून पेन्शन देण्याची तरतूद आहे, पण तिची मर्यादा बारा महिन्यांपर्यंतची. त्यामुळे 'साहेबांना विनंती करून बघू' हा गावातल्या सगळ्यांचा सल्ला इथं कामाचा नव्हता. डिस्चार्जच रद्द व्हायला हवा होता.

दुसरी अडचण मुदतीची. न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. आमची जवळजवळ तीन वर्षं उलटून गेलेली. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, कारण मात्र द्यावं लागतं. इथं तारेची पावती आणि सिव्हिलचे कागद कामाला आले. वडील २०१६ पर्यंत अंथरुणाला खिळून होते, घरात कमावणारा हा एकटा, मोहोळजवळच्या एका कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन. हे सगळं तोंडी सांगितलं असतं तर सबब वाटली असती. २०१३ पासूनचे कागद ओळीनं लावले तेव्हा ती एक सलग गोष्ट दिसली.

न्यायाधिकरणाच्या कायद्यात असंही आहे, की आधी खात्याकडे दाद मागून झाली पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये अर्ज पाठवला. सहा महिने उत्तर आलं नाही, आणि तसं झालं तर तो मार्ग संपला असं धरता येतं. मार्च २०१८ मध्ये मुंबई खंडपीठात अर्ज दाखल झाला. युनिट कुठंही असो, नोकरीतून बाहेर पडलेला माणूस राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो, आणि महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईला. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबई, रात्री परत तीच गाडी. जवान प्रत्येक तारखेला गेला. गरज नव्हती, आमच्या वकीलबाईंनी सांगितलंही होतं. पण तो जायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, मागच्या बाकावर बसायचा.

सरकारी बाजूचे मुद्दे तीन होते: माणूस सवयीचा गुन्हेगार आहे, नोटीस दिली होती आणि त्यानं ती मान्य केली, आणि उशीर झाला. पहिला मुद्दा आम्ही खोडला नाही. वकीलबाईंनी उलट सुरुवातच तिथून केली, चारही नोंदी मान्य आहेत, एकाही शिक्षेला आव्हान नाही. मला वाटतं तिथंच निम्मं काम झालं. चर्चा 'हा जवान चांगला की वाईट' यावरून उठली आणि 'चौकशी कुठं आहे' यावर आली. सरकारी वकिलांनी चौकशीचे कागद सादर करायला वेळ मागितला. पुन्हा मागितला. मग कोविड आलं.

दोन ओळींच्या उत्तरातली ती चूक वकीलबाईंनी फक्त दाखवली, त्यावर भाषण केलं नाही. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

एक मुद्दा मी सुचवला होता आणि तो वकीलबाईंनी बाजूला काढला, तोही सांगतो. आर्मी ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे नोकरी संपलेल्याला प्रमाणपत्र इंग्रजीत आणि त्याच्या मातृभाषेतही द्यावं लागतं. याला फक्त इंग्रजीत मिळालं होतं. मला वाटलं, केवढी मोठी चूक सापडली! त्या म्हणाल्या, "चूक आहे, पण तिच्यामुळे डिस्चार्ज बेकायदा ठरत नाही. दुबळा मुद्दा बळकट मुद्द्याच्या शेजारी ठेवला की दोघंही दुबळे दिसतात." बरोबर होतं. मला तो मुद्दा सोडवेना, हेही खरं.

काय मिळालं, काय नाही

२०२१ च्या अखेरीस निकाल लागला. उशीर माफ. प्राथमिक चौकशी न करता दिलेला डिस्चार्ज रद्द. पेन्शनपुरती पात्र सेवा पूर्ण होईपर्यंत तो नोकरीत होता असं मानावं, मधल्या काळाचा पगार नाही, पेन्शन मात्र द्यावी. दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशाचाच हा साचा आहे. लोकांना वाटतं, केस जिंकली म्हणजे सगळा मागचा पगार मिळणार. तसं नसतं, आणि हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

पंधरा वर्षं हिशेबानं डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला भरत होती, म्हणून पेन्शन तेव्हापासून. थकबाकीचाही एक नियम आहे. तरसेम सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालापासून पेन्शनची थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आमचा अर्ज मार्च २०१८ चा, त्यामुळे काहीच कापलं गेलं नाही. हाच माणूस पोराची बारावी, मग लग्नकार्य, मग बघू असं करत २०२२ मध्ये आला असता तर दोन-सव्वादोन वर्षांची पेन्शन बुडाली असती. माझ्याकडे असे येतात.

डिस्चार्जच्या वेळी पेन्शनऐवजी मिळालेली सर्व्हिस ग्रॅच्युइटी थकबाकीतून वळती झाली. बायकोला ते पटेना. "आमचंच पैसं आमालाच कापून देत्यात व्हय?" समजावून सांगायला दोन चहा लागले. २०१६ पासून किमान पेन्शनच नऊ हजार आहे, त्यावर महागाई भत्ता, हा जन्मभराचा आकडा कागदावर मांडून दाखवला तेव्हा कुठं तिचा राग उतरला.

आदेश आणि पैसे यांच्यात पुन्हा वर्ष गेलं. रेकॉर्ड ऑफिसनं प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला पाठवायचं, तिथून पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघायचा, आणि तोवर पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' पोर्टलवर गेलेली. आधार कार्डावर जन्मतारीख एक, शीट रोलवर दुसरी. त्यासाठी तीन फेऱ्या. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त चिकाटी.

चार लाल नोंदी मात्र कंडक्ट शीटवर आहेत तशाच आहेत. त्या पुसल्या गेल्या नाहीत, आम्ही तसं मागितलंही नव्हतं. गावात कुणीतरी विचारलं, "मग आता तू निर्दोष सुटलास का?" जवान म्हणाला, "नाही. पेन्शनवर आलो."

ओळखपत्र झालं. ईसीएचएसचं कार्ड झालं. पोरगा आता पुण्यात आहे.

सगळं झाल्यावर मी माझा सोडलेला मुद्दा परत काढला. रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं, की सुधारित प्रमाणपत्र कलम २३ प्रमाणे इंग्रजीत आणि मातृभाषेत द्यावं. चार महिन्यांनी पाकीट आलं. इंग्रजी प्रत नीट होती, गावाचं नावही या वेळी बरोबर. दुसरी प्रत हिंदीत होती. पुन्हा पत्र टाकलंय.